पालखीचा मागचा खांदा

कनकगिरीच्या प्रतापधवल राजाने दवंडी पिटवली, की उद्यापासून गावोगावच्या शाळा बंद! राज्यात पहिल्या येणाऱ्या एकाच मुलाला राजवाड्यात शिकवायचं, बाकीच्यांनी गुरं वळावीत. कारण काय, तर शेजारच्या राजाकडे एक महापंडित होता आणि आपल्या राजाकडे नव्हता. प्रधानजींनी मान डोलावली. त्या मानेला दुसरं काही जमतच नसे.

राजाची पालखी वाहणाऱ्या भोयांच्या नाईकाची लेक गोजरा नुकती कुठे जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. शाळेला कुलूप लागलेलं तिने पाहिलं. ती तडक दरबारात गेली आणि शाळा उघडा म्हणाली.

"पहिला पुढे जाईल आणि शेवटचाही मागे राहणार नाही, असं काही उद्या दाखव," राजा म्हणाला. "मग उघडतो."

प्रधानजी खो खो हसले. शेवटचा मागे नाही तर काय पुढे राहणार?

दुसऱ्या दिवशी राजा प्रधानजींना घेऊन देवदर्शनाला निघाला, तर पालखीपाशी एकटाच भोई.

"बाकीचे कुठे गेले?"

"घरी धाडले, सरकार," गोजरा म्हणाली. "आमच्यात हा पहिला. तुमचाच नियम लावला."

"अगं, एकटा पालखी उचलेल कशी?"

"एकटा पंडित राज्य उचलेल तशी."

राजा वरमला. गोजराने हाक मारताच भिंतीआड लपवून ठेवलेले तिघे धावत आले आणि पालखी उठली. वाट सगळी खाचखळग्यांची. खड्डा दिसला की पुढचा भोई ओरडून सांगे आणि मागचे हुंकार देऊन पाऊल जपून टाकत. राजाच्या मांडीवरचं पूजेचं ताट जराही हललं नाही.

देवळापाशी गोजराने विचारलं, "सरकार, पुढचा सगळ्यांत जाणता, म्हणून पुढं. पण त्याला दिसलं ते त्यानं मागच्यांना सांगितलं. शेवटचा मागं राहिला का?"

"मागे राहून कसं चालेल?" राजा बोलून गेला. "मीच खाली आपटेन की!"

आपण काय बोललो ते ध्यानात आलं आणि तो पोट धरून हसत सुटला. शाळा उघडायचा हुकूम तिथेच निघाला. पहिल्याला पगडी मिळणार होती, पण शेवटच्याला वाचायला शिकवल्यावरच.

"आता परतताना मागचा खांदा प्रधानजी देतील," राजा म्हणाला.

"नको, सरकार!" गोजरा म्हणाली. "त्यांना नुसती मान डोलवता येते. इथं खड्डा आला की तोंड उघडावं लागतं. आधी आमच्या शाळेत बसवा त्यांना."

राजाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्याने गळ्यातला कंठा काढून गोजराला दिला, आणि प्रधानजींना पाटी.