अडून बसलेलं बेअरिंग

होड्या आणि चाकं एकमेकांशी भांडत असत, तेव्हाची गोष्ट. धाकू नाखवाची होडी दोनचाकी गाड्यावरून खाडीत उतरायची. दर नारळी पौर्णिमेला होडीला नवा रंग लागायचा, हार चढायचा. गाड्याचं चाक कुरकुरलं की नाखवा त्यावर बाहेरूनच खोबरेल ओतायचा. चाकाच्या आतलं बेअरिंग खाऱ्या पाण्याने गंजत चाललं होतं, पण तिकडे कोण बघतो?

एका वर्षी ऐन उताराच्या तोंडाशी बेअरिंग अडून बसलं. "मी फिरणार नाही."

"सणासुदीला अवलक्षण करू नकोस," होडी फणकारली. "नाखवा तुला उपटून फेकून देईल."

"देऊ दे. या उतारावर माझा चुरा झाला, तर चाक निखळेल आणि तू हारासकट खडकावर आपटशील. त्यापेक्षा इथेच शिव्या खाईन."

नाखवाने गाडा ढकलला, शिव्या घातल्या, पुन्हा खोबरेल ओतलं. चाक तसूभर हललं नाही. शेवटी वैतागून त्याने ते खोललं. आतून गंजाचा तांबडा भुगा सांडला, तसा तो नवं बेअरिंग आणायला धावला.

ग्रीसने माखलेलं नवं बेअरिंग चाकात बसलं. जुनं भंगाराच्या डब्यात पडलं. तिथूनच त्याने नव्याला हाक मारली, "पोरा, आधी कुरकुर. ऐकलं नाही, तर अडून बस. पण वरून खोबरेल ओतलं म्हणून गप्प बसू नकोस."