मुलगीही शांत झाली

कासारांच्या एका नगरात सगुणा नावाची बाई बांगड्या भरून पोट भरत असे. तिची मुलगी चंपा भलती बोलकी. बायका बांगड्यांपेक्षा चंपाचे टोमणे ऐकायलाच जास्त वेळ थांबत.

पण चंपाला आकडी येई. मग शेजारी तिच्या नाकाला जोडा लावत. आकडी आपल्या वेळेनं थांबे आणि श्रेय जोड्याला मिळे.

राजवैद्य नीळोबांनी रसशाळेत खपून एक औषध तयार केलं. चंपाच्या आकड्या थांबल्या. राजानं भर दरबारात नीळोबांच्या खांद्यावर शाल घातली.

"आकडी शांत झाली, महाराज," वैद्य म्हणाले.

"हो वैद्यबुवा," सगुणा म्हणाली, "आणि माझी मुलगीही शांत झाली."

चंपा तिच्या शेजारी पेंगत बसली होती. हाक मारली, तरी मान उशिरा वळे.

"पंगतीला बसवलं, तर ही ताटाला नावं ठेवते!" एक दरबारी सगुणाकडे बोट दाखवून म्हणाला.

नीळोबा चंपाकडे बघत राहिले. मग त्यांनी शाल काढली. "महाराज, ही शाल आज माझी नाही. औषध अर्धंच झालंय."

त्यांनी औषधाची घडण पुन्हा तपासली. त्याच्या कणाचा एक भाग मेंदूतलं वादळ आवरत होता, दुसरा जागेपणावरच पांघरूण घालत होता. दुसरा भाग छाटला, तर औषध रक्तात पोचेना. तिथं वेगळा तुकडा जोडला, तर यकृत ते लगेच मोडून टाकी आणि ज्यांच्यावर ते औषध पारखत, त्या पिंजऱ्यातल्या उंदरांना पुन्हा झटके येत. नीळोबा हटले नाहीत. अखेर एक घडण जमली. झटके थांबले आणि उंदीर तुरुतुरु पळू लागले.

"आता जुनं बंद करू?" सगुणानं विचारलं.

"एकदम नको, सगुणाबाई. आकडी उसळेल. जुनं हळूहळू उतरवू, नवं हळूहळू चढवू."

सगुणा जीव मुठीत धरून मुलीजवळ बसून राहिली. जुनं औषध सुटलं. आकडी आली नाही.

राजानं चंपाला दरबारात बोलावलं. "काय गं, बरं वाटतं का?"

चंपानं त्याला नीट निरखलं. "मला बरं आहे, महाराज. पण तुमच्या वाड्यात आरसा नाही का? मुकुट कानावर आलाय."

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. मग राजाच खदखदून हसला आणि सगळा दरबार हसू लागला. सगुणा तोंडाला पदर लावून रडत होती. "बोल, बाई," ती म्हणत होती, "आणखी बोल."

तात्पर्य: रोग गप्प बसला म्हणजे उपचार संपला असं नव्हे, माणूस परत मिळाला, तरच औषध पुरं झालं.