मुहूर्ताचा शॉट

मिरजेत कुठल्याही सिनेमाचा मुहूर्त असो, नारळ फोडायला आबासाहेब धुमाळच लागत. नारळ फोडायचा, बंद कॅमेऱ्यासमोर भाषण ठोकायचं, फोटो काढून घ्यायचा आणि नंतर फोन उचलायचा नाही, एवढी कलेची सेवा ते नेमाने करत.

रुक्साना मुजावरच्या पहिल्या सिनेमाच्या मुहूर्तालाही त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पोरी, काळजी करू नकोस. सगळा खर्च माझा." पुढे नेहमीप्रमाणे फोन नुसता वाजत राहिला. रुक्सानाने स्कूटर विकली, मित्रांना फुकट राबवलं आणि सिनेमा पुरा केला.

पहिल्या खेळाला आबासाहेब फेटा बांधून पुढच्या रांगेत बसले. पडद्यावर गावातला थापाड्या पुढारी अवतरला, तर ते खुद्द आबासाहेबच. छातीवर हात, "सगळा खर्च माझा." थिएटरात हशा उसळला.

मध्यंतरात ते रुक्सानावर कडाडले, "मुहूर्ताला कॅमेरा बंद असतो."

"भाड्याचा होता, आबासाहेब. बंद ठेवणं परवडत नव्हतं."

"मला थापाड्या केलंस. आत्ताच्या आत्ता तो प्रसंग काढ."

"शब्द सगळे तुमचेच आहेत," रुक्साना म्हणाली. "आणि काढायचीही गरज नाही. तेवढा खर्च आज देऊन टाका, उद्याच्या खेळाला तोच प्रसंग दानशूर माणसाचा होईल."

लोक आबासाहेबांच्या खिशाकडे बघू लागले. आबासाहेब घड्याळाकडे बघू लागले.

मुहूर्ताला ते अजूनही जातात. फक्त नारळ हातात घेण्याआधी कॅमेरामनला हळूच विचारतात, "बंद आहे ना?"