महिपतचा सिनेमा

“बुवा, माझं चुकलं कुठं?”

निवृत्तीबुवा भैरोबाच्या देवळाचा ओटा झाडत होते. केरसुणी थांबली नाही.

दिग्दर्शक मिहिर टिळेकर पायरीवर बसला. वर्षापूर्वी महिनाभर याच ओट्यावर बसून त्याने बुवांकडून लढाई ऐकली होती. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या लढाईत बुवा सैन्यातले हवालदार. जिथं ती झाली, त्या टेकडीवरून गावचे नऊ जण परतले नाहीत. बुवा परतले, ते घरी न जाता देवळातच राहिले. त्यांनी सांगितलेलं मिहिरने चित्रपटात उतरवलं. प्रदर्शनाआधी तो गावानं पाहावा, म्हणून काल शाळेच्या पटांगणात पडदा लावला होता.

“मुंबईत निवडक लोकांना आधी दाखवला, तर ते हुंदके देत होते, बुवा. इथं एकाच्याही डोळ्यांत पाणी नाही. मुकाट उठून घरी गेले.”

“हं…”

“शेवटच्या चार मिनिटांना अकरा दिवस लागलेत. गोळीबाराचा आवाज चढवत नेला आणि एकदम काढून घेतला. फक्त श्वास ठेवला. कॅमेरासुद्धा जखमी माणसाच्या छातीइतकाच हलतो. दगडालाही रडू येईल, असं काम आहे ते.”

बुवांनी केर सुपात भरला.

“सकाळी सोनाबाई आलती,” ते म्हणाले. “महिपतची आई.”

मिहिर सावरून बसला. चित्रपटात शेवटी मरतो तो महिपतच.

“काय म्हणाल्या?”

“इचारत हुती… तो पडल्यावर हवालदार त्याला मांडीवर घेतो, पाणी पाजतो. ते तुमीच का, म्हणली.”

मिहिर चपापला. पाण्याचं बुवांनी कधी सांगितलंच नव्हतं. महिपत पडला, एवढं बोलून ते गप्प झाले होते. पाणी मिहिरने आपल्या मनाने घातलं होतं. लोकांना रडू यावं म्हणून.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“व्हय म्हणलो.”

बुवांनी सूप उचललं. “तवा रडली. एकवीस वर्सांनी.”

मिहिरला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तोंडून निघून गेलं.

“त्याने पाणी मागितलं होतं?”

बुवांनी सूप खाली ठेवलं. हात धोतराला पुसले. पुसतच राहिले…

मिहिर कसाबसा म्हणाला, “मी काढून टाकतो तो प्रसंग. खोटा आहे तो.”

“नगं,” बुवा म्हणाले. “तेवढं पाणी ऱ्हाऊ द्या.”