कुंकू लावलेली चाकं

डोंगरातल्या एका तलावाकाठी एक गाव होतं. दसऱ्याच्या आधी तिथं सायकलींची शर्यत भरे. सडकेवरची नव्हे, रानातली. मुरमाचा माळ, काळ्या मातीचं रान, ओढ्याची वाळू, सगळं त्यात येई आणि चाक चालणार नाही तिथं सायकल खांद्यावर घेऊन पळावं लागे. हैबती ही शर्यत सलग तीन वर्षं जिंकला होता.

पायांत बळ होतंच, पण त्याची खरी हुशारी वेगळी होती. आदल्या दिवशी तो सगळी वाट अनवाणी चालून यायचा आणि मग इस्माईलचाचांच्या सायकल दुकानात टायर ठरवायचा. कडक मुरमाला बारीक, दाट नक्षीचा, हवा टच्च भरलेला. चिखलाला मोठ्या, विरळ दातांचा, म्हणजे माती अडकून न राहता उडून जाते. चाचा दोन्ही जोड्या चाकांवर चढवून तयार ठेवत.

चौथ्या वर्षी वाट कोरडी होती. हैबती बारीक नक्षीवर जिंकला. दसऱ्याला त्याची थोरली बहीण हौसाताई माहेरी आली. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. तिनं चाकांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली आणि दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. सासर म्हणजे तलावाच्या बांधाखाली, तीन कोसांवरची अकरा घरांची वस्ती. हैबतीनं ती सायकल येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी दारातच उभी करून ठेवली.

मग परतीचा पाऊस लागला. दोन दिवस, दोन रात्री तो थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बांधाला भेग पडलेली दिसली. खालच्या वस्तीला तातडीनं सांगायला हवं होतं. सडकेवरचा पूल पाण्याखाली होता, उरली रानातली वाट. सगळ्या गावाची नजर हैबतीकडं वळली.

चाचा विरळ दातांची चाकं घेऊन पळतच आले. म्हणाले, "काळ्या रानातनं जायचंय, बाबा. पान खाऊन हुईस्तवर बदलतो."

हैबतीला हे कळत नव्हतं असं नाही. दोन दिवसांच्या पावसानं काळं रान कसं झालं असेल, हे सांगायला त्याला अनवाणी चालायची गरज नव्हती. पण भोवती गाव जमलं होतं, त्याच्या नावाचा गजर चालला होता. जिंकलेली चाकं सगळ्यांसमोर उतरवायची, हे त्याला कमीपणाचं वाटलं.

"ह्यांना ताईनं कुंकू लावलंय, चाचा. ह्यांनीच जातो," तो म्हणाला.

खरं तर त्या कुंकवाची आठवण त्याला सबब हवी झाली तेव्हाच झाली होती.

माळावरून तो वाऱ्यासारखा गेला. मग काळं रान लागलं. चाकाच्या पाच-सहा फेऱ्यांतच नक्षी मातीनं बुजली, मग चाक धरणाऱ्या चिमट्यात माती भरली आणि चाक जागीच बसलं. त्यानं काटकीनं माती खरवडली. दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. चिखलानं ती वासरागत जड झाली होती. ती टाकून पळायचं त्याला सुचायला हवं होतं, पण ते सुचायलाही फार वेळ गेला.

तो टेकाडावर पोहोचला तेव्हा वस्ती समोर दिसत होती. ताईच्या छपरातून चुलीचा धूर निघत होता. तो जीव तोडून ओरडला. हाक खाली पोहोचली नाही. मागं बांध फुटल्याचा आवाज झाला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाणी वस्तीवरून गेलं. पाणी ओसरल्यावर धुराची जागासुद्धा ओळखू येईना.

गावानं त्याला बोल लावला नाही. हैबतीनं मात्र शर्यत सोडली. चाचांच्या माघारी तो त्यांचं दुकान चालवू लागला. दसऱ्याला तो दुकानातल्या एकाही चाकाला कुंकू लावत नाही. गिऱ्हाईक येतं आणि सगळ्यात चांगला टायर मागतं. हैबती लगेच टायर काढत नाही. आधी एवढंच विचारतो, "जायचंय कुठनं?"

तात्पर्य: कालच्या विजयाचा मान जरूर ठेवावा, पण निवड आजची जमीन पाहून करावी, गर्वापायी केलेल्या हट्टाची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते.