उपरण्याची घडी

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकवाल्यांनी हेलपाटे घालून उंबरा झिजवला, घरच्यांनी डोकं खाल्लं, म्हणून सांगतो. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडून नटवी भाषा मिळणार नाही.

एकदा एक व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंकडे संन्यास मागायला गेला.

हा माणूस तरुणपणी मोठा शौकीन. पागोटं डावीकडे कलतं बांधायचा, कानात भिकबाळी घालायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं स्वतः रंग निवडून, विणकराकडे बसून त्याच्यासाठी जांभळ्या काठाचं रेशमी उपरणं विणून घेतलं होतं. पण पुढं व्यापार वाढला आणि माणूस आखडला. दुकानात नको, मळेल. लग्नात नको, गर्दीत ओढलं जाईल. चांगल्या दिवशी घालू म्हणत सगळं पेटीत गेलं. बायको दिवाळीला आठवण करून द्यायची, पाडव्याला करून द्यायची. मग तिनं विचारणं सोडलं. तिची नथही डबीत गेली. दोघं विटक्या कपड्यांत वावरू लागली, आणि कोणी कोणाकडे मान वर करून बघेना.

"घराची धर्मशाळा झाली आहे, महाराज," तो म्हणाला. "मला दीक्षा द्या."

गुरूंनी त्याला घरातलं सर्वांत उत्तम वस्त्र आणायला सांगितलं. त्याला वाटलं, त्यागाची परीक्षा असेल. त्यानं उपरणं आणलं. म्हाताऱ्यानं ते सरळ खांद्यावर टाकलं आणि गोठ्यात जाऊन गाईला वैरण घालू लागला. गाईनं काठ चाटला. शेणानं माखलेल्या शेपटीचा फटका बसला. शिष्य दारात उभा राहून एकेक डाग मोजत होता.

बाहेर येऊन गुरूंनी उपरणं उन्हात धरलं. मधोमध सरळ रेषेत चीर गेलेली होती.

"फाडलंत ना," शिष्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी नाही फाडलं. नीट बघ. घडी होती तिथंच विरलं आहे. इतकी वर्षं कोणी उलगडलंही नाही. वापरलं असतंस तरी झिजलं असतंच, पण तुझ्या अंगावर झिजलं असतं, आणि जिनं रंग निवडला तिनं ते बघितलं असतं. तुम्ही दोघं चांगल्या दिवसाची वाट बघत पेटीत जाऊन बसलात. आता विचारतोस, घर सोडू का. घरात होतास कधी? नव्या लुगड्याची घडी जाऊबाई मोडते, तशी ही मी मोडली. आता मळायची भीती उरली नाही. अंगावर घे आणि जा. तरीही संन्यास हवा असेल तर उद्या ये."

तो तसाच पेठेतून निघाला. दुकानदारांना विषयच मिळाला. एकानं विचारलं, शेटजी, दुसरं लग्न ठरलं की काय. हा खाली मान घालून चालत राहिला.

घरी बायको तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"काठाला शेण लागलंय," ती म्हणाली.

"फाटलंय पण."

ती आत जाऊन सुईदोरा घेऊन आली. दोरा जांभळा होता. त्या उपरण्याचाच, तिनं जपून ठेवलेला. त्याच्या खांद्यावरच ती रफू करू लागली.

"भिकबाळी कुठं आहे?"

"पेटीत."

"पेटीला काय कान आहेत?"

तो उठला, घालून आला. येताना तिच्या नथीची डबीही घेऊन आला. तिनं नथ घातली, मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "पागोटं डावीकडे असायचं."

त्यानं ते कलतं केलं. दुसऱ्या दिवशी गुरूंकडे कोणी आलं नाही.

तेव्हा आवडीचं असेल ते आजच अंगावर चढवा, मंगळवार असला तरी. मी नातीच्या बारशाला पिवळाधमक फेटा बांधून गेलो होतो. भर मांडवात त्याला हसणाऱ्या माणसानं अजून माझी माफी मागितलेली नाही. आमचे व्याही, दत्तोबा शिंगटे.