दहा पायांचं पाखरू

सरका रे जरा, माझ्या गुडघ्यावर पाय नको. छबे, तू इकडे ये, माझ्या हातावर डोकं ठेव. हं, ऐका आता.

एक होता राजा. धिप्पाड, मिशाळ. वाघाला भ्यायचा नाही, पण आपल्या तीन महिन्यांच्या लेकीला भ्यायचा. हसताय काय? खरंच भ्यायचा. राणी बिचारी बाळंतपणातच गेली. आणि त्या घराण्याची रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं मूल उचलायचं नाही. बाप्यामाणूस असून पोर खेळवतो, लोक काय म्हणतील! राजाची आई, आईसाहेब, रीतीला मोठ्या कडक, आणि पाळण्याशेजारून हलायच्या नाहीत. मग राजा काय करायचा? रोज पाळण्याशी यायचा, हात मागे बांधून उभा राहायचा, लेकीकडे बघायचा आणि निघून जायचा.

लेकीचं नाव मंजुळा. तिला जन्मल्यापासून झोपच नाही, बरं का! रडणं नाही, किरकिर नाही, नुसती टकटक बघत पडायची. राजाने सोन्याचा पाळणा केला. नाही झोपली. मग गवई बोलावले. ते गाऊन गाऊन स्वतःच घोरायला लागले, ही आपली जागी. मग वैद्य आले. त्यांनी जायफळ उगाळून चाटवलं, नाडी बघितली आणि मान खाली घातली. म्हणाले, "महाराज, पोर वाळत चाललीय. अशी जागी राहिली तर आठ दिवसही काढायची नाही."

राजा पाळण्याच्या पायाशीच बसला.

राजवाड्यात मासळी द्यायला चिमा भोईण यायची. म्हातारी, तोंडाचं बोळकं, पण आवाज खणखणीत. ती पुढे झाली. म्हणाली, "म्हाराज, माझ्या तळ्यावर दहा पायांचं पाखरू हाय. काठाला माझी खोप हाय, तिथं सात दिवस ऱ्हावा. लेकीलाबी आणा. ते पाखरू दिसलं, की लेक कशी निजवायची ते कळंल तुमास्नी."

"काहीतरीच बाई तुझं!" आईसाहेब म्हणाल्या. "पाखराला कुठे दहा पाय असतात?"

पण राजा उठलाच. मग आईसाहेबही निघाल्या. तोंडाने बडबडत होत्या, पण नातीत जीव अडकला होता ना!

खोप ती केवढीशी! राजाने पहिल्याच दिवशी दोनदा डोकं आपटून घेतलं. मंजुळेची झोळी आढ्याला टांगली. राजा दाराशी घोंगडीवर बसला. चिमाने बजावलं, हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

पहिल्या दिवशी टिटवी आली. राजाने पाय मोजले. दोन. वर त्या टिटवीने ओरडून ओरडून साऱ्या तळ्याला सांगितलं, कोणीतरी आलंय, कोणीतरी आलंय! मग दुसऱ्या दिवशी पाणमांजरं आली. पाच जणं, एकामागे एक, पाण्यात अशी सुळकन. राजाने मोजले तर पाय वीस, आणि ते पाखरूही नव्हे. मग तिसऱ्या दिवशी आला बगळा, तो तर एकाच पायावर उभा! राजाने कपाळाला हात लावला.

आणि रोज आणखी एक पाखरू दिसायचं. पंख तांब्याच्या रंगाचे, पायाची बोटं ही एवढी लांब. कमळाच्या पानांवरून चालायचं, पण पान बुडायचं नाही. एका पानावर त्याची चार अंडी होती, शाईने गिरगटल्यासारखी. ऊन चढलं की ते पाखरू पंख पसरून अंड्यांवर सावली धरायचं. चौथ्या दिवशी पान कलंडलं, तर त्याने एकेक अंडं ढकलत ढकलत दुसऱ्या पानावर नेलं. पाचव्या दिवशी पिलं निघाली. कापसाच्या बोंडाएवढी, आणि लगेच पळायला तयार! राजा मनात म्हणायचा, केवढी ही माउली! माझ्या मंजुळेला अशी आई असती तर!

सहाव्या दिवशी नवं काहीच दिसलं नाही. मंजुळेचे हात गार पडायला लागले. डोळे खोल गेले, तरी उघडेच. आईसाहेब देवाचं नाव घेत बसल्या. एकच दिवस राहिला होता.

मग सातवा दिवस आला. दुपार कलली. पिलं पानांवर बागडत होती आणि वरून घार झेपावली! त्या पाखराने एक हाक मारली, खाली बसलं, पंख उचलले. चारी पिलं धावत आली आणि पंखांत शिरली. मग पाखराने पंख मिटले, उठलं आणि पानांवरून पळत सुटलं ते थेट लव्हाळ्यात. घार हात चोळत गेली. राजा बघतो तर काय, पाखराचे स्वतःचे पाय दोन, आणि पंखांखाली लोंबणारे इवले इवले पाय किती?

आठ. आठ आणि दोन?

दहा!

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "चिमे, धन्य आहे गं ती आई!"

चिमा खदखदून हसली. "आई? म्हाराज, आई अंडी घालून कवाच तळ्याच्या पल्याड गेली. ह्यो बाप हाय. अंडी ह्यानंच उबवली, पिलं ह्योच सांभाळतुया."

राजाने झोळीकडे बघितलं, आईसाहेबांकडे बघितलं. मग उठला, डोकं आपटलं, तरी थांबला नाही. लेकीला उचललं, छातीशी धरलं आणि उपरण्यात घेतलं. आईसाहेब ताडकन उभ्या राहिल्या. आता काय बोलतात!

जवळ आल्या. म्हणाल्या, "मान सांभाळ रे तिची. हात असा खाली घाल."

आणि मंजुळेने जांभई दिली! आयुष्यातली पहिली. बापाच्या काखेत नाक खुपसलं आणि झोपली की हो! दिवस मावळला, उजाडला, तरी झोपलेलीच. राजाचा हात लाकूड झाला, पण त्याने कूस बदलली नाही.

मग ती चांगली गुटगुटीत झाली. दरसाल तिला खांद्यावर घेऊन राजा सात दिवस चिमाच्या खोपीत राहायला जायचा. त्याचं बघून बाकीचे बापही आपापली पोरं घेऊन तळ्यावर यायला लागले, अगदी वडीलधाऱ्यांच्या देखत. सगळे सुखात राहिले.

छबी झोपली का? नाही ना, मला वाटलंच. वामना, मघापासून दाराआड उभा आहेस, दिसतोयस मला. ये आत. आपल्या आईसमोर लाजतोस कशाला? तुझे वडील माझ्या सासूबाईंना लाजले. उद्या घेऊ, परवा घेऊ म्हणता म्हणता तू मोठा झालास, आणि ते हळहळत गेले रे. घे, उचल तुझ्या लेकीला. अरे, मान अवघडेल तिची, हात असा खाली घाल.

हं, मिटले बघ डोळे. पोरांनो, तुम्ही दोघेही ओढा पांघरूण, आणि झोपा आता.